कव्हरवर आपल्यातलंच कुणीतरी: तरुणांच्या संगीत मासिकाचं स्टायलिंग कसं करावं

मास मीडिया शिकणाऱ्या मुलांना हा प्रकल्प हमखास येतो. एका नव्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधल्या जोडपानांवरचा लेख तयार करायचा, वाचक सोळा ते एकवीस वयाचे. मी मुंबईत गायक-वादकांचं स्टायलिंग करते म्हणून ही मुलं माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "ताई, लेदर जॅकेट भाड्याने कुठे मिळेल?" मी त्यांना उलट विचारते, हे मासिक हातात घेणारी मुलगी काल कॉलेजला काय घालून गेली होती? उत्तर आलं नाही तर जॅकेटचा विषय तिथेच थांबतो.

माझं सगळं काम एका गोष्टीवर चालतं. कव्हरवरचा माणूस वाचकापेक्षा एक पाऊल पुढे असावा, दोन पावलं झाली की तो दुरावतो. वाचकाच्या अंगावर आहे तेवढंच कव्हरवर दिसलं तर हात मासिकाकडे जात नाही. सगळंच त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर तो फोटो बघेल, त्याला आवडेलही, पण हे मासिक माझं आहे असं त्याला वाटणार नाही. त्याच्या कपाटातलेच कपडे आणि त्यात एखादीच अशी गोष्ट, जी त्याने अजून करून पाहिलेली नाही. बाहीची घडी, मोठ्या भावाचा शर्ट घालायची तऱ्हा, बुटांची नाडी. हे साधायचं तर आधी कपाट माहीत पाहिजे.

आधी वाचक बघा, बुटांपासून वर

१९८० मध्ये लंडनला टेरी जोन्सने 'आय-डी' सुरू केलं. त्याआधी तो ब्रिटिश 'व्होग'चा कलादिग्दर्शक होता, म्हणजे गुळगुळीत कागदावरच्या महागड्या फॅशनमधून आलेला माणूस. 'आय-डी'चा पहिला अंक मात्र आडवा, पिना मारून जोडलेला, हाताने केल्यासारखा दिसणारा. त्यात रस्त्यावरची खरी पोरं-पोरी भिंतीपुढे उभी करून डोक्यापासून बुटांपर्यंत टिपली होती आणि अंगावर काय आहे, कुठून आणलंय हे त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं होतं. या फोटोंना 'स्ट्रेट-अप' म्हणतात. त्या अंकातल्या मुलांना बघून लंडनच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या मुलांना आपण एकटे नाही हे कळत असे.

प्रकल्पाची सुरुवात याच पद्धतीने करा. ज्या संगीताचं मासिक काढायचंय त्याच्या कार्यक्रमाबाहेरच्या रांगेत जा, कॉलेजच्या गेटबाहेर उभे राहा. परवानगी विचारून पूर्ण उंचीचा फोटो घ्या. अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर पालकांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हा मुद्दा पुढेही येणार आहे. प्रत्येकाला एवढंच विचारा: अंगावरचं सगळ्यांत लाडकं काय, ते कुठून घेतलं, आज सकाळी काय ऐकलं, आणि यातलं दुसऱ्या कुणाचं काय आहे. शेवटच्या प्रश्नाला फार चांगली उत्तरं मिळतात. भावाचं जॅकेट, मैत्रिणीच्या अंगठ्या, बाबांचं जुनं घड्याळ. तरुणांचं अर्धं स्टायलिंग उसनवारीवर चालतं आणि तयार जाहिरातींमधून नेमकं तेच गळतं.

फोटो छोटे छापून भिंतीवर लावा आणि एकदम सगळे बघा. आधी फक्त बूट बघा, मग फक्त बॅगा, मग फक्त हात. मनगटावर गंडा आहे, कार्यक्रमाचा कागदी बँड आहे, की दोन्ही आहेत? मुंबईच्या उपनगरांतली मुलं बघताना माझ्या नजरेला पुन्हा पुन्हा येतं ते असं: ढगळ टी-शर्ट, कार्गो किंवा सैल जीन्स, फुटबॉल क्लबांच्या जर्सी, आणि पांढरे बूट, बरेचदा फर्स्ट कॉपी, पण टूथब्रशने घासून इतके स्वच्छ ठेवलेले की चिखलातून चालताना सगळं लक्ष पायांकडे. मुलींच्या बॅगेत बऱ्याचदा एक जॅकेट किंवा शर्ट असतो. घरून निघताना तो अंगावर असतो आणि स्टेशनवर उतरला जातो, किंवा याच्या नेमकं उलट. एका दिवसात दोन अवतार सांभाळणं या वाचकवर्गाच्या रोजच्या जगण्यातलं आहे. तुमच्या पानांवर ते आलं तर मुली ते ओळखतील.

वाचकाचं वर्णन लिहिताना 'शहरी, मध्यमवर्गीय, ट्रेंडी' असली विशेषणं लिहून मोकळे होऊ नका. त्यावरून एक चप्पलसुद्धा निवडता येत नाही. "अठरा वर्षांची, कल्याणहून लोकलने येते, एका कानात इअरफोन, महिन्याला कपड्यांवर पाचशेच्या आत खर्च, मैत्रिणीबरोबर टॉप अदलाबदली करते," एवढं लिहिलंत की निवड आपोआप व्हायला लागते.

गाण्याचा प्रकार कपड्यांत किती दाखवायचा

संगीत मासिकाचं कव्हर आवाज बंद असताना गाणं ऐकवतं. हे नीट केलेली मासिकं बघितल्याशिवाय स्वतःचं करू नका.

ब्रिटनचं 'केरँग!' १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं. पहिल्या कव्हरवर होता एसी/डीसी या रॉक बँडचा अँगस यंग, जो स्टेजवर शाळेचा गणवेश घालून गिटार वाजवतो. हेवी मेटल ऐकणाऱ्या पोरांना रोज नाइलाजाने अंगावर चढवावा लागणारा कपडा याच्या अंगावर येतो आणि बंडाचा होतो. स्टायलिंग म्हणून मला हे फार मोठं वाटतं. नवीन काही विकत आणलेलं नाही, वाचकाच्याच कपाटातली सगळ्यांत नावडती वस्तू उचलली आहे.

'स्मॅश हिट्स' १९७८ मध्ये निघालेलं, गाण्यांचे शब्द छापणारं, चकचकीत रंगांचं, पॉप ऐकणाऱ्या शाळकरी मुलामुलींचं. त्यात हसरे चेहरे, उजळ प्रकाश, स्वच्छ कपडे. आणि १९८६ मध्ये आलेलं 'क्यू' थोड्या मोठ्या, सीडी विकत घेऊ शकणाऱ्या वाचकासाठी. एकाच देशातली ही तीन मासिकं शेजारी ठेवली तर मजकूर झाकूनही वाचकाचं वय आणि खिसा सांगता येतो.

आपल्याकडेही ही भाषा होती. धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम व्हायचे तेव्हा प्रेक्षकांत काळ्या टी-शर्टांचा समुद्र असायचा, आणि १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित आणि शीना सैगल यांनी सुरू केलेलं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हातात असलेला पोरगा त्या गर्दीतला आहे हे न सांगता कळायचं. बँडचा टी-शर्ट हेच ओळखपत्र होतं.

नवशिके इथे एक गोष्ट हमखास करतात. रॉक म्हटलं की काळं जॅकेट, साखळ्या, काजळ, फाटकी जीन्स, कवटीची अंगठी, हातात गिटार, हे सगळं एकाच मुलावर चढवतात. प्रत्येक खूण खरी असते, पण सगळ्या मिळून स्नेहसंमेलनातलं नाटक होतं. खऱ्या श्रोत्याच्या अंगावर खुणा एक किंवा दोन असतात, बाकी त्याचा रोजचा दिवस असतो. माझ्या हिशोबाने प्रकाराची एक ठळक खूण आणि एक बारीक खूण पुरते. ठळक लांबून दिसावी, बारीक ज्याला कळते त्यालाच कळावी.

उलट टोकाचं उदाहरण निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेनचं. एप्रिल १९९२ च्या 'रोलिंग स्टोन'च्या कव्हरवर त्याचा बँड आहे, फोटो मार्क सेलिगरचा. कोबेनच्या पांढऱ्या टी-शर्टवर लिहिलेलं आहे 'कॉर्पोरेट मॅगझिन्स स्टिल सक'. ज्या मासिकाने छापायचं त्याच्याच तोंडावर फेकलेलं वाक्य, आणि मासिकाने ते छापलं. त्या कव्हरवर कपडा गायकाचं म्हणणं मांडतो, वाचक ते लगेच ओळखतो, कारण पेन घेऊन टी-शर्टवर काहीतरी लिहिणं त्यालाही जमतं. मी स्टायलिंगला जाताना कापडावर लिहिणारे मार्कर नेते. प्रत्येक वेळी ते बाहेर निघत नाहीत, पण गायकाला विचारते, अंगावर तुला काय लिहायचंय? उत्तरातून बऱ्याचदा मुलाखतीचं शीर्षक मिळतं.

एक लुक कसा जमतो

नियम सांगून कळत नाही, म्हणून एक काम जवळून सांगते. कल्याणची एक रॅपर मुलगी, वय एकोणीस, विद्यार्थ्यांच्या मासिकाचं कव्हर. ती दोन पिशव्या घेऊन आली. एकीत मामेबहिणीचं टिकल्यांचं जॅकेट, भाड्याचे उंच बूट, नवीन कोरी टोपी. दुसरी पिशवी तिच्या रोजच्या कपड्यांची, ती उघडायलाच तयार नव्हती. "ताई, त्यात काही नाही, घरचंच आहे."

त्यात भावाची टेनिस क्रिकेटची जर्सी होती. गल्लीतल्या स्पर्धेसाठी छापून घेतलेली, पॉलिस्टरची, पोपटी आणि जांभळी, पाठीवर नंबर, छातीवर 'सौजन्य' म्हणून एका नगरसेवकाचं नाव. ती ही जर्सी झोपताना घालायची. कल्याण-डोंबिवलीकडच्या कुठल्याही सोसायटीतल्या दोरीवर अशा जर्सी वाळत असतात. कव्हरवर मात्र मी ती कधी बघितली नव्हती.

तीच घ्यायची ठरलं. छातीवरचं नाव दिसून चालणार नव्हतं, मासिक कुणाच्या प्रचाराला जुंपायचं नाही. काळी टेप लावली तर टेपच दिसते. म्हणून वर तिच्या बाबांचा खाकी कामाचा शर्ट उघडा घातला, बाह्या कोपराच्या वर तीन घड्या घालून, आणि पुढची दोन टोकं बरोबर त्या नावावर येतील अशी आतून सेफ्टी पिनांनी धरली. पोपटी रंगाची उभी पट्टी तेवढी मधे दिसत होती. लेखाच्या आतल्या पानावर ती पाठमोरी आहे, शर्ट कमरेला बांधलेला, नंबर पूर्ण दिसतो. खाली तिचीच सैल जीन्स आणि शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट. कानात आजीच्या मोत्यांच्या कुड्या, ज्या ती रोजच घालते.

या कुड्यांवरून गटातल्या एका मुलाने उत्साहाने सुचवलं, "मग नथपण घालूया ना, मराठी वाटेल." मी नको म्हटलं. तिच्या नाकाला नथ सणालाही नसते. मराठी मुलगी दाखवायची म्हणून नथ, नऊवारी आणि खाली स्नीकर्स हा फोटो आता इतक्यांनी काढलाय की त्यात मुलगी कोण आहे हे कुणी बघतच नाही. कुड्या तिच्या होत्या म्हणून राहिल्या.

एक पाऊल पुढचं काय होतं, तर फक्त थर. जर्सीवर खाकी कामाचा शर्ट वाचक मुलींनी एकत्र घातला नव्हता. दोन्ही गोष्टी घरात होत्या, खर्च काही नव्हता.

हे मिश्रण लंडनचा स्टायलिस्ट रे पेट्री याच्याकडून शिकण्यासारखं आहे. ऐंशीच्या दशकात 'द फेस' मासिकात त्याच्या टोळीने, 'बफेलो' म्हणायचे तिला, वैमानिकांचं नायलॉन जॅकेट, औपचारिक कपडे आणि खेळाडूंचे कपडे एकाच अंगावर आणले. मार्च १९८५ च्या कव्हरवर जेमी मॉर्गनने टिपलेला फेलिक्स हॉवर्ड हा लहान मुलगा आहे, टोपीत 'किलर' शब्दाचं कात्रण खोचलेला. वर्तमानपत्राच्या कागदाचा तो तुकडा अजूनही लोकांच्या लक्षात आहे.

फिटिंगच्या काही गोष्टी पटकन सांगते. शूटच्या आधी एकदा ट्रायल घ्याच आणि फोनवर बसून, उभं राहून, हात वर करून फोटो काढा. कपडा उभ्याने चांगला दिसतो आणि बसल्यावर पोटाशी गोळा होतो. पाठीमागे कापड धरायला बुलडॉग क्लिप, सेफ्टी पिना, दुहेरी टेप, केस-धागे काढायचा रोलर आणि इस्त्री किंवा स्टीमर एवढं जवळ हवं. कपडा जुना असू द्या, चुरगळलेला नको, कारण छपाईत चुरगळणं गबाळेपणा म्हणूनच वाचलं जातं. अगदी बारीक रेघांचे आणि चौकड्यांचे शर्ट टाळा, कॅमेऱ्यात आणि छपाईत त्यांच्यावर लाटा उमटतात. ठेवणीतले, जुन्या काळातले कपडे हवे असतील तर नाटकवाल्यांच्या ड्रेपरीत विचारा, तिथे विद्यार्थ्यांना समजून घेणारी माणसं भेटतात.

कॅमेरा तेच सांगतोय ना?

कपडे वाचकाच्या बाजूचे आणि फोटो त्याच्या विरुद्ध, असं झालं तर सगळी मेहनत फुकट. इथे मुलं सर्वांत कमी वेळ देतात, म्हणून मी जास्त बोलते.

कॅमेऱ्याची उंची आधी ठरवा. समोरच्याच्या डोळ्यांच्या किंवा छातीच्या पातळीला कॅमेरा असेल तर वाचक आणि गायक बरोबरीने बोलतात. खालून घेतला की गायक मोठा होतो, रॅप आणि मेटलची बरीच कव्हरं अशी असतात. वरून घेतला की माणूस छोटा, लाडिक होतो. आता गेल्या काही वर्षांतली कुठलीही संगीताची पानं काढून बघा, वरून घेतलेले, मान तिरकी, ओठ अर्धवट उघडे असे फोटो कुणाचे आहेत? बहुतेक मुलींचे. ड्रमर मुलगी ड्रमवर हात टेकून उभी, आणि ड्रमर मुलगा घामाने निथळत वाजवतोय. पोझची यादी करताना नावं झाकून एकच यादी करा. जी पोझ मुलाला द्यायला विचित्र वाटते ती मुलीलाही देऊ नका.

हातांचं काय करायचं हा नेहमीचा प्रश्न. माइक आणि गळ्यातला हेडफोन सोडून काहीही. रॅपर आपले शब्द फोनच्या नोट्समध्ये लिहितात, मग फोन हातात असू द्या. कुणी वहीत लिहितं, वहीचा कोपरा दुमडलेला असतो, तो तसाच दिसू द्या.

लेन्सबद्दल एवढंच की जवळ जाऊन वाइड लेन्सने चेहरा घेतला तर नाक मोठं आणि कान गायब होतात. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमी, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स चांगली. फोन असेल तर मागे सरका आणि दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. प्रकाशही प्रकाराप्रमाणे बदलतो. पॉपला मोठ्या खिडकीचा मऊ उजेड, पंक किंवा रॅपला कॅमेऱ्यावरचा थेट फ्लॅश शोभतो, ज्यात भिंतीवर कडक सावली पडते आणि फोटो मित्राने पार्टीत काढल्यासारखा वाटतो. काळा टी-शर्ट काळ्या पार्श्वभूमीवर घेतलात तर छापल्यावर खांदे नाहीसे होतील, मागून बाजूने एक दिवा द्या म्हणजे कड सुटेल.

आणि आता त्वचा. एका मासिकासाठी काम करत असताना मला सांगण्यात आलं होतं की मुलाचा चेहरा "थोडा उजळून" द्या. मी दिला नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. महाराष्ट्रातल्या ज्या मुलांसाठी तुम्ही मासिक काढताय त्यांच्यातल्या बहुतेकांचा रंग सावळा किंवा काळा आहे, आणि कव्हरवर तो दोन छटा फिका केला की तुम्ही त्यांना सांगताय की या पानावर तुम्ही जसे आहात तसे चालणार नाही. सोळा वर्षांच्या मुलीला हे घरीदारी आधीच ऐकवलं जातं. तिच्या संगीत मासिकाने तरी ते म्हणू नये.

सावळ्या त्वचेला उजेड द्यायचा तो फोटो काढताना, नंतर संगणकावर नव्हे. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर मोजा, कपड्यावर नको. शुभ्र पांढरा टी-शर्ट असेल तर कॅमेरा त्याला सांभाळायच्या नादात चेहरा काळवंडवतो, म्हणून मोतिया किंवा राखाडी घ्या. एका बाजूने मोठा मऊ प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला पांढरा फोम बोर्ड धरला की गालाच्या हाडावर छान चमक येते. ती पावडर लावून मारू नका, थोडं मॉइश्चरायझर उलट मदत करतं. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे रंग खरे यावेत म्हणून, पहिल्या फोटोत राखाडी कार्ड धरा, नाहीतर ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवट येतो आणि मग एडिटिंगमध्ये गोरेपणा शिरायला वाट मिळते. मुरुमाचा एखादा ताजा फोड काढायला हरकत नाही, तो आठवड्यात जाणारच आहे. व्रण, तीळ, दातांची फट ठेवा.

जागा आणि रंग कुणाचे

हिप-हॉप म्हटलं की मुलांना झोपडपट्टीची गल्ली हवी असते. मुंबईचे रॅपर बघा, डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी कुर्ल्याचा. त्यांच्या फोटोंत गल्ली आली ती त्यांचा पत्ता होती म्हणून. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला धारावीत नेऊन उभं केलंत तर त्याचाही अपमान आणि तिथे राहणाऱ्यांचाही, कारण त्यांचं घर तुम्ही पडदा म्हणून वापरलंत. त्याच्या इमारतीचा जिना घ्या, गच्चीवरच्या टाक्या घ्या, स्टेशनबाहेरचा स्कायवॉक घ्या. रेल्वेच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय शूट करता येत नाही, हे लक्षात ठेवा.

रंगांचंही तसंच. निळ्या झेंड्याचा अर्थ महाराष्ट्रात सगळ्यांना कळतो. भीमगीतं ऐकत वाढलेला रॅपर निळा निवडतो तेव्हा ते त्याचं म्हणणं असतं, ते त्याच्याशी बोलून, त्याला हवं तेवढं ठळक करा. तोच निळा दुसऱ्या कुणाला नुसता उठावासाठी देताना दोनदा विचार करा. दुसऱ्यांची पवित्र चिन्हं दागिना म्हणून उसनी घेऊ नयेत हे जगभर आता बोललं जातं. 'द फेस'च्या जुलै १९९० च्या अंकात छायाचित्रकार कोरिन डेने काढलेले मॉडेल केट मॉसचे फोटो आहेत. कव्हरवर ती डोक्याला पिसांचा मुकुट घालून नाक आक्रसून हसते आहे, मेकअप जवळजवळ नाही. सोळा वर्षांची साधी पोरगी सोळा वर्षांचीच दिसते, याने त्या काळच्या वाचकांना केवढं बरं वाटलं असेल ते समजतं. पण मूळ अमेरिकी लोकांच्या मुकुटाची आठवण करून देणारी ती पिसं आज कुणी इतक्या सहज घालणार नाही. आणि त्याच मालिकेत तिचे उघड्या अंगाचे फोटोही होते. त्या वयात तसे फोटो देताना आपल्याला किती अवघड गेलं, हे तिने पुढे मोठेपणी मुलाखतीत सांगितलं आहे.

म्हणून सेटवर माझी पद्धत ठरलेली आहे. गायक अठराखालचा असेल तर आई किंवा बाबा सेटवर थांबतात. "काकू, तुम्ही इथेच बसा, कंटाळा आला तरी," असं मी आधीच सांगते. कपडे बदलायला बंद दाराची खोली. प्रत्येक लुक झाल्यावर त्याला स्क्रीनवर फोटो दाखवते आणि त्याला नको वाटलेला फोटो तिथल्या तिथे पुसते. याला वेळ लागतो, वेळापत्रकात तो धरा.

पानावर मांडताना

मुखपृष्ठासाठी फोटो काढताना डोक्यावर मोकळी जागा सोडा, तिथे मासिकाचं नाव बसणार. स्टॉलवर मासिकं एकावर एक सरकवून मांडलेली असतात, त्यामुळे बहुतेक वेळा वरचा भाग आणि डावी कड तेवढी दिसते. महत्त्वाचे शब्द डावीकडच्या एक तृतीयांश भागात, आणि चेहरा किंचित उजवीकडे. नजर थेट वाचकाकडे. ए-फोर आकाराला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, शिवाय चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. कपड्यातलाच एक रंग उचलून शीर्षकांना द्या, आमच्या कव्हरवर तो पोपटी होता.

अनुक्रमणिकेत त्याच व्यक्तीचा कव्हरसारखाच फोटो पुन्हा लावू नका. तिथे बूट, हात, पिशवी, बसमधली खिडकी असे तुकडे चालतात. जोडपानावर गायकाचा दुसरा अवतार दाखवा, घरचा किंवा सरावाचा. दोन्हींमध्ये एक वस्तू सारखी ठेवा म्हणजे माणूस एकच वाटतो. आमच्याकडे त्या कुड्या होत्या. मधल्या घडीत चेहरा किंवा शब्द जाणार नाही एवढं मात्र बघा.

छापायच्या आधी कव्हरचा एक प्रिंट काढून इतर मासिकांमध्ये ठेवा आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या, वाचकाच्याच वयाच्या कुणाला तरी तीन सेकंद दाखवा. मग झाकून विचारा: हिचं वय काय, ही राहते कुठे, गाते काय, आणि हिच्याशी तू बोलशील का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं चुकली तर कपडे किंवा जागा बदला. चौथ्याला "नाही" आलं तर कॅमेऱ्याची उंची आणि नजर बघा, घोळ बहुधा तिथे असतो.

राहिली श्रेयनामावली. फोटो, स्टायलिंग, मेकअप यांच्या नावांबरोबर प्रत्येक कपडा कुठला हे लिहा आणि जमेल तिथे किंमतही. आमच्या जोडपानाच्या तळाशी असं छापलं होतं: जर्सी, भावाची. शर्ट, बाबांचा. बूट, शाळेचे. कुड्या, आजीच्या.